गुळाचा खडा

॥ श्री ॥

भिंगार,
ता. २१ डिसेंबर १९७१

ती. सौ. मनकर्णाआक्कास,
धाकट्या भिमाजीचा शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन पत्रं येऊन पडली आणि माझं एकबी गेलं न्हाई म्हनून तू तोंड फुगवून बसली असशील. पन लढाईच्या दिवसांत इथं दिवा लावायची चोरी हुती. रस्त्यानं रातंदिस लष्कराच्या गाड्या, खिडक्यांना काळे कागद. आता लढाई सरली. साळूनं ते कागद काढून चुलीला घातले. आमी दोघं खुशाल हाय. दोघं म्हणतो खरं, पन वैशाखात तिसरं येणार हाय. तुला पहिलं कळवायचं म्हनून आईलाबी अजून सांगितलं न्हाई, तवा भांडू नको.

दाजी विचारत हुते की गिरणीत नक्की काय दळता. त्यांना सांग, आमी गारा दळतो. माळावरच्या पांढऱ्या गारगोट्या ट्रकनं येतात, त्यांचं मैद्यावानी पीठ करायचं आणि पोत्यात भरायचं. ते काचेच्या कारखान्यांना जातं. भाकरी हुत न्हाई त्याची, बाकी दळण ते दळणच. सांजच्याला आमी बाहेर पडलो की समदी पिठात लोळलेली पोरं दिसतात. साळू म्हणती, नवरा ओळखायचा तर आधी अंगावर पाणी टाकावं लागतं.

आता मोठी बातमी. तुझा भाऊ पुढारी झाला! आमचे धाकले शेठ मुंबईला शिकून आले. मानूस लई चांगला, कामगाराला अहोजाहो करतो. त्यांचं म्हणणं असं की कामगार धडधाकट तर गिरणी धडधाकट. म्हनून आता रोज सकाळी कवायत, आमच्या दळण खात्यातल्या हर गड्याला गुळाचा खडा, तोंडाला बांधायला मांजरपाटाचं कापड, आणि सव्वीस जानेवारीच्या आधी आरोग्य सप्ताह. मी सातवी पास म्हनून मला आरोग्य मुकादम केलं. दळायचं काम हायच, वर ही मुकादमी. सकाळी फाटकाशी उभं राहून एकेकाच्या तळहातावर गूळ ठेवतो. गुळानं छातीतली धूळ धुवून निघती, हे आपल्या खळ्यावरबी म्हातारी मानसं सांगायचीच की. आता शेठनीबी तेच सांगितलं.

दाजींना नमस्कार. तुझी माया हाय तशी राहू दे.

तुझा,
भिमा

॥ श्री ॥

भंडारदरा,
ता. ५ जानेवारी १९७२

चि. भिमाजीस,
आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

वैशाखाची बातमी वाचून मी दवाखान्यातच मोठ्यानं हसले, तर रांगेतल्या बायका बघायला लागल्या. साळूला जड उचलू देऊ नकोस. नर्स झाले म्हणून सांगत नाही, नणंद म्हणून सांगते. शेंगदाणे, पालेभाजी मिळेल तशी घाल. यांनी तुझं पत्र वाचून नेहमीप्रमाणे लाल पेन्सिल काढली. सातवी पास झालेला माणूस अजून हाय आणि न्हाई लिहितो म्हणून मास्तरांचा जीव तळमळतो. मी म्हटलं, माझा भाऊ बोलतो तसाच लिहितो, तुम्ही तुमची चौथीची पोरं सुधारा.

मुकादमसाहेब, आता माझं ऐका. मी दोन वर्षं समजत होते की तू पोती उचलतोस. दगडाचं पीठ दळतोस हे आज कळलं. आमच्या डॉक्टरांना सहज विचारलं, तर त्यांनी हातातलं इंजेक्शन खाली ठेवलं आणि भाऊ किती दिवस तिथं आहे असं विचारलं. त्यांचा चेहरा मला आवडला नाही. ते म्हणाले की गारेची धूळ एकदा छातीत बसली की निघत नाही, आणि ती काढायला औषधही नाही.

आणि हा गूळ कुणाच्या डोक्यातून निघाला? भिमा, गूळ पोटात जातो आणि धूळ छातीत जाते. दोघांची गाठ कुठं पडते ते मला सांग. गूळ खा, गोड लागतो, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. कापड बांधतोस का नाही ते आधी कळव. खोकला आहे का? खरं लिही. मी तुला लहानपणापासून ओळखते, तू खोटं लिहिलंस की अक्षर सुंदर येतं.

तुझीच,
आक्का

॥ श्री ॥

भिंगार,
ता. ३० जानेवारी १९७२

ती. सौ. आक्कास,
भिमाजीचा शि. सा. न. वि. वि.

खोकला थंडीचा हाय. समद्यांनाच हाय. आता माझं अक्षर बघ, कसं गिचमिड हाय, म्हंजे खरं हाय.

कापडाचं म्हणशील तर मी वाटतो आणि मीच बांधत न्हाई, कारण ते बांधलं की घामानं भिजतं, पीठ त्याच्यावर बसून चिखल हुतो आणि जीव गुदमरतो. मंग गडी म्हणतात, गूळ खाल्लाय की, आता कापड कशाला? आणि मांजरपाट बी कसा, नवा कोरा! चाळीत जा, जेवढी लेकरं हायत तेवढी गिरणीच्या कापडात. कुणाचं झबलं, कुणाचं टोपरं. साळूनं आमच्याबी पोरासाठी दोन झबली शिवून ठेवली. आरोग्य मुकादमानं बायकोला काय म्हणावं, तूच सांग.

आरोग्य सप्ताह जोरात झाला. पताका लावल्या, भाषणं झाली, एक डॉक्टर आले आणि त्यांनी दात कसे घासायचे ते दाखवलं. शेवटच्या दिशी हुतुतू. दळण खातं इरुद्ध हापीस आणि फाटक. आमच्यात समदे पंचविशीच्या आतबाहेरचे, दंड हे असे. त्यांच्यात कारकून, दोन म्हातारे पहारेकरी आणि ढेरीवाला तोलारी. लोक आधीच हसत हुते. मी म्हणलो, यात्रेत मढीला आपण पैलवान लोळवलेत, इथं काय!

पयली चढाई माझी. आक्का, तुला आठवतं, मी हुतुतू म्हणत वढ्यापासून मारुतीच्या पारापर्यंत एका दमात यायचो आणि आपला धाकला कानिफ माझ्या मागं पळायचा? तर मी आत शिरलो, तोलाऱ्याला हात लावला, आणि मागं फिरलो तर दमच न्हाई. मधल्या पाटीच्या अलीकडं उभा राहिलो. कुणी धरलं न्हाई, पाडलं न्हाई. उगा उभा राहिलो आणि तोंडातून आवाजच येईना. समदे हसले, मीबी हसलो. मंग सोनईचा पुंजाराम गेला, त्याचंबी तसंच. त्याच्या मागं जो गेला त्याचंबी तसंच. आमचे सातच्या सात गडी असेच बाद झाले. ढेरीवाला तोलारी आपला हुतुतू हुतुतू करत बागेत फिरल्यावानी यायचा आणि माघारी जायचा. शेठनी त्यांना ढाल दिली आणि आमाला म्हणाले की तुमी सराव वाढवा. उद्यापासून कवायत दुप्पट.

लई हसलो आमी. तूबी हस.

तुझा,
भिमा

॥ श्री ॥

भंडारदरा,
ता. ७ फेब्रुवारी १९७२

चि. भिमाजीस,
आशीर्वाद. वि. वि.

मला हसू आलं नाही. यांनी तुझं पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं आणि हुतुतूपाशी आले तेव्हा तेही थांबले. लाल पेन्सिल काढली नाही.

अरे, सात जवान गडी एका ओळीनं दम टाकतात आणि तुमच्यातल्या एकालाही त्याची भीती वाटत नाही? एवढ्या पताका लावून, शेकडो माणसं जमवून तुम्ही सगळ्यांना दाखवलंत की दळण खात्याची छाती गेली, आणि त्यावर टाळ्या वाजवल्यात! मला तुझा राग येतोय. तुझ्या त्या भल्या शेठचाही येतोय. कवायत दुप्पट करायला छाती काय बैलगाडीचा आस आहे, वंगण घातलं की फिरायला?

नगरला जाऊन छातीचा फोटो काढ. दवाखान्यात माझ्याबरोबर शिकलेली पुष्पावती आहे, तिला मी लिहिलं आहे. फोटो घेऊन इकडे ये. आणि ती गिरणी सोड. उद्या नाही, आज सोड. मला माहीत आहे तू काय म्हणणार, पण तरीही लिहिते. वडील गेल्यावर तुला आणि कानिफला मी कडेवर घेऊन वाढवलंय, एवढं म्हणायचा मला हक्क आहे.

रोज टपालवाल्याची वाट बघते.

तुझी,
आक्का

॥ श्री ॥

भिंगार,
ता. १८ जून १९७२

ती. सौ. आक्कास,
भिमाजीचा शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाली ते तार मिळून कळलंच असंल. नाक तुझं घेतलंय, आता राग काढायचा तर तिच्याकडं बघून काढ. नाव तूच ठेव. बाळंतपणाला गुळाची कमी पडली न्हाई. बाजारात गूळ कुठल्या भावाला गेलाय तुला ठाऊक हाय, पन मी माझा रोजचा खडा कधी खाल्लाच न्हाई. फडक्यात बांधून डब्यात टाकत गेलो, त्याची चांगली ढेप झाली. साळूला डिंकाचे लाडू झाले, आईला थोडा धाडला. आता तू म्हणशील, तो गूळ तुझ्या छातीसाठी हुता. पन तूच तर लिहिलंस की त्यानं काय हुत न्हाई!

फोटोचं राहून गेलं. एक दिस खाडा केला की कायम व्हायचं लांबतं. दिवाळीला कायम करतो असं शेठ म्हणालेत. गावाकडं लई वाईट हाय आक्का. विहिरीचा तळ दिसतो. बैल छावणीवर न्हेऊन बांधलेत. कानिफ तलावाच्या कामावर माती उचलतो आणि आई त्याच्या भाकरी घेऊन जाती. माझ्या पगारावर दोन चुली हायत. अशा वक्ताला कुनी नोकरी सोडतं का, तूच इचार कर.

पुंजाराम सोनईला माघारी गेला. त्याला जिना चढवंना. आधी त्याला टीबीच्या सुया लावल्या, पन फरक पडंना. शेठनी त्याला घरी जाताना गाडी करून दिली आणि डोळ्याला रुमाल लावला, मी सवता बघितलं. गुळाचं एक पोतंबी बरोबर दिलं.

मला तसं काय न्हाई. फकस्त सकाळी जरा धाप लागती.

तुझा,
भिमा

॥ श्री ॥

भंडारदरा,
ता. १० जुलै १९७२

चि. भिमाजीस,
आशीर्वाद. वि. वि.

भाचीचं नाव जना ठेव. तिच्या बापाला निदान ते तरी लिहिता येईल.

सकाळी जरा धाप लागती हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. आता नीट ऐक. तुझ्या दोन चुलींचा मी विचार केला आहे. इथं धरणाच्या बंगल्यावर रखवालदाराची जागा दिवाळीनंतर मोकळी होते. म्हातारा रखवालदार आमच्या दवाखान्यात येतो, त्यानं साहेबांपाशी तुझं नाव घातलं आहे. हे स्वतः जाऊन साहेबांना भेटून आले, आणि तुला माहीत आहे हे कुणाच्या दारात जात नाहीत. राहायला खोली आहे, सरकारी नोकरी आहे, हवा चांगली आहे. इथंही यंदा पाऊस रुसला, तरी प्यायला पाणी आहे. साळूला आणि जनाला आण. आईला आण. गारा नाहीत इथं, आहेत त्या डोंगरात आहेत आणि त्यांना कुणी दळत नाही.

भाऊबीजेला ये. येताना फोटो काढूनच ये, कारण सरकारी नोकरीला डॉक्टरचा दाखला लागतो. दाखला आमचेच डॉक्टर देतात, त्यांना मी सांगून ठेवते. एवढं माझं ऐक. आजवर कधी काही मागितलं नाही, भाऊबीजेची ओवाळणी म्हणून हे मागते.

तुझी,
आक्का

॥ श्री ॥

भंडारदरा,
ता. १६ नोव्हेंबर १९७२

चि. भिमाजीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू गेल्यापासून पत्र लिहायला बसते आणि उठते. भाऊबीजेला एसटीतून उतरून आमच्या घरापर्यंतचा चढ तू चढून येत होतास, तेव्हा मी ओट्यावर ताट घेऊन उभी होते. तू दर थोड्या वेळानं थांबायचास, आणि थांबला असं दिसू नये म्हणून धरणाकडे बघायचास, झाडाला हात लावायचास, वहाण झटकायचास. मी सगळं बघत होते. हसत वर आलास आणि म्हणालास की तुमचं गाव लई देखणं आहे. ताटातलं निरांजन विझेल म्हणून मी तोंड फिरवलं, असं तुला वाटलं असेल. तसंच समज.

आमच्या डॉक्टरांवर रागावू नकोस. मी त्यांच्या पाया पडायची बाकी राहिले. तुझ्या छातीचा फोटो त्यांनी खिडकीला धरला आणि मला जवळ बोलावून दाखवला. मग म्हणाले की बाई, हा माणूस धडधाकट आहे असं मी कुठल्या तोंडानं लिहू. मी बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, एक खोटी सही मागितली, आणि ती त्यांनी दिली नाही. बरोबरच केलं त्यांनी. तरी रात्रभर मी त्यांना शिव्या दिल्या. बंगल्यावर दुसरा माणूस आला. त्याची छाती चांगली आहे.

म्हणजे बघ कसं आहे. छाती बिघडवणाऱ्या गिरणीला कसलाच दाखला लागत नाही, आणि ती वाचवणाऱ्या नोकरीला मात्र निरोगी छाती आधी लागते. मी कुणाशी भांडू? भांडायला समोर कुणी वाईट माणूसच नाही.

पण दळण आता सोडच. शेठ भले आहेत म्हणतोस ना, मग त्यांना फोटो दाखव आणि फाटकावर, हापिसात, कुठंही बसवा म्हणावं. आपल्यावाचून गिरणी अडेल असं मनात आणू नकोस. या दुष्काळात तुझ्या जागेवर दुसरा माणूस त्यांना एका दिवसात मिळेल. तो कुणाचा का असेना, मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. मला माझा भाऊ हवा आहे.

जनाला माझे पापे.

आक्का

॥ श्री ॥

भिंगार,
ता. १४ जानेवारी १९७३

ती. सौ. आक्कास,
भिमाजीचा शि. सा. न. वि. वि.

तीळगूळ घ्या, गोड बोला. पाकिटात हलवा घातलाय, साळूनं केलाय, पोचेपर्यंत पीठ हुईल.

तुझं ऐकलं. आता तरी खुश हो. शेठना फोटो दाखवला. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा पाजला. मंग म्हणाले की भिमाजी, तुमी आता आत जायचं न्हाई, फाटकावर बसायचं, गूळ आणि कापड वाटायचं, निसती आरोग्य मुकादमी. म्या हात जोडले. गेल्या महिन्यापास्नं मी दळत न्हाई. रातच्याला बसून झोपावं लागतं तेवढंच, बाकी बरा हाय.

पुंजाराम गेला. सोनईला त्याच्या दहाव्याला गेलो हुतो. शेठनी दिलेलं गुळाचं पोतं तसंच भिंतीला टेकून उभं हुतं. छबूबाई, त्याची आई, तिनं त्यातलाच गूळ आमाला पाण्यासंगं दिला. मला गिळंना, पन तिच्या समोर टाकू कसा?

आता एक सांगायचंय. आधी बसून घे आणि दाजींना जवळ बोलव. फाटकावरच्या मानसाला पगार निम्मा. चाळीतली खोली दळण खात्यातल्या गड्यालाच मिळती, तसा गिरणीचा कायदा हाय. शेठ म्हणाले की कायदा माझ्या वडलांचा, मी मोडला तर समदेच मागतील. मंग त्यांनीच वाट काढली. तुमच्या जागी घरचाच मानूस द्या, खोली तुमच्याकडंच राहील, असं म्हणाले. त्यांच्या मनात वाईट न्हवतं. त्यांना वाटलं, आपण उपकार करतोय.

मी न्हाई म्हणून आलो हुतो, आक्का. देवाशप्पत. चार दिस न्हाईच म्हणत हुतो. पन तलावाचं काम बंद पडलं, छावणीत एक बैल गेला, आणि कानिफ आईला घेऊन सवताच भिंगारला आला. फाटकाभाईर तर मानसं बसल्यालीच असतात, तू लिहिलंस तसं एका दिसात दुसरा मिळतोच. कानिफला म्या समदं सांगितलं. फोटो खिडकीला धरून दाखवला, तुझ्या डॉक्टरांवानी. त्यानं बघितला आणि म्हणाला की दादा, यात मला काय कळतंय, पांढरं काय नि काळं काय. मंग म्हणाला की तुला दोन-तीन वर्सं काय झालं न्हाई, मी तर दोनच वर्सं करीन, पाऊस पडला की गावी जाईन. आईनं भाकरी बांधून दिली.

तो सोमवारपास्नं जातो. कापड त्याच्या तोंडाला मी माझ्या हातानं बांधतो, घट्ट. आत गेला की काढतो, मला म्हायती हाय, मीबी काढायचो. फाटकापास्नं आतलं दिसत न्हाई, निसता पांढरा धुरळा दिसतो.

पुढच्या हप्त्यात आरोग्य सप्ताह हाय. औंदा शेठनी लाऊडस्पीकर आणलाय. हुतुतूला दळण खात्यातनं कानिफ उतरणार, कालच सराव केला. लई लांब दम हाय त्याचा आक्का! फाटकापास्नं पार चाळीच्या नळापर्यंत एका दमात गेला आणि आला. मी घड्याळ न्हाई बघितलं, निसता ऐकत उभा राहिलो. आमचे गडी म्हणतात, औंदा ढाल आपलीच. मीबी व्हय म्हणलो. दुसरं काय म्हणू?

तू रागं भरशील, भर. पत्र मातर धाडत जा. माझ्यावर हुती तेवढीच माया आता त्याच्यावरबी लाव. रोज सकाळी रांगेत तो हात पुढं करतो, आणि मी डब्यात चाचपून त्याला सगळ्यात मोठा गुळाचा खडा देतो.

तुझा,
भिमा